नंबराची ओवी

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायचा तर आधी डोळे चांगले हवेत, असा उफराटा कारभार उस्मानपुऱ्यातल्या एका ऑफिसात शिजला. खाली मिठाईचं दुकान आणि वरच्या मजल्यावर ही कंपनी. कारभार शिजवणारी माणसं वाईट नव्हती. चांगली होती, हीच तर सगळी रड आहे. वाईट माणसाशी निदान कडाकडा भांडता तरी येतं.

शहरातल्या एका ट्रस्टच्या नेत्ररुग्णालयासाठी ही मंडळी मोबाईलचं अ‍ॅप करत होती. तोवर तिथं फोनवर नंबर लागायचा. रत्नमाला नावाची एक बाई दिवसभर फोनजवळ बसलेली असे आणि निम्म्या जिल्ह्याला ती आवाजावरून ओळखे. "कोण, फुलंब्रीच्या वच्छलाबाई का? बुधवारी या मावशी, आणि उपाशी नका येऊ." एवढं बोलून झालं की नंबर लागला. आता तेच काम अ‍ॅप करणार होतं, आणि ट्रस्टनं कंपनीला एकच गोष्ट विचारली होती. अ‍ॅप आल्यावर फोन चालू ठेवायचा की बंद करायचा?

कंपनीचा मालक विश्वजीत म्हणत होता, बंद. मोनिका म्हणत होती, अजिबात नाही.

मोनिका तिथली युजर रिसर्चर. फुलंब्रीत तिच्या गल्लीत या कामाला कुणी नावच देऊ शकलं नव्हतं, म्हणून सगळे तिला 'सर्वेवाली' म्हणत. काम सांगायला सोपं होतं. माणसाच्या शेजारी बसायचं, त्याच्या हातात मोबाईल द्यायचा, "नंबर लावून दाखवा" म्हणायचं आणि तोंडाला कुलूप घालायचं. बोट कुठं जातं, कुठं अडतं, कुठं घाबरतं ते बघायचं. मदत करायची नाही, मान हलवायची नाही, आणि आपल्याला काय व्हायला हवंय हे तर कळूच द्यायचं नाही. समोरच्याला काय हवंय ते कळलं की माणूस तेच देतो. आपल्याकडे तर पाहुण्याला नाही म्हणायची पद्धतच नाही.

फुलंब्रीचे आप्पासाहेब त्यातलेच. मोतीबिंदूचा डोळा, हातात मोबाईल, बोट आपलं काचेवर भरकटतंय. शेवटी त्यांनी मोबाईल खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "लई झ्याक केलंय पोरी. च्या टाका गं हिला." मोनिकानं अहवालात लिहिलं की यांना जमलं नाही. विश्वजीतनं त्यातलं 'लई झ्याक' तेवढं उचललं.

"मोनिका, तुझी माणसं थोडी आहेत आणि सगळी खेड्यातली आहेत," तो म्हणाला. "असं करू. शनिवारी प्रत्येकानं घरचं एक म्हातारं माणूस ऑफिसात आणायचं. सगळ्यांसमोर टेस्ट. बहुतेकांना जमलं तर फोन बंद, नाही जमलं तर फोन राहील. मग तर झालं?"

'सर्वसमावेशक' हा शब्द त्या ऑफिसात तोंडी लावायला असायचा. भिंतीवरही रंगवलेला होता. मोनिकाच्या पहिल्या अहवालातली पहिली सूचना होती की अक्षरं मोठी करा. ती कधीचीच मान्य झाली होती, फक्त कुणाला वेळ मिळाला नव्हता.

मोनिका शनिवारला तयार झाली, कारण तिच्या हातात हुकमाचं पान होतं. तिची आई.

वच्छलाबाईंना काचबिंदू होता. डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्यात बांगडीएवढा उजेड उरला होता आणि तेवढ्यावर त्या स्वयंपाक करत, जाऊन दळण आणत, एकट्या घर सांभाळत. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं खात येतो आणि खाल्लेलं परत देत नाही. म्हणून दर काही महिन्यांनी डोळ्याचा दाब तपासून थेंब बदलून घ्यायला लागत. डॉक्टरांनी बजावलं होतं, की एक खेप चुकली तरी चालणार नाही. मोनिका सकाळी शहरात येई ती दिवेलागणीला घरी जाई. आईचा नंबर आई स्वतःच रत्नमालाला फोन करून लावत असे. फोनचं बटण दाबायला आणि बोलायला डोळे लागत नाहीत.

आईला अ‍ॅप जमणार नाही, हे मोनिकाला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. सगळ्यांच्या देखत तिचं बोट काचेवर चाचपडेल, विश्वजीत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि फोन वाचेल. आईला चार लोकांत असं बसवायचं, हे तिला पटत नव्हतं. पण हे सगळं आईच्याच डोळ्यासाठी होतं ना?

"तिथं काय करायचं असतंय गं?" आईनं भाकऱ्या थापता थापता विचारलं.

"काय नाय आई. मोबाईलवर नंबर लावायचा. जसं जमंल तसं."

"आन नाय जमलं तर?"

खरं तर मोनिकाला म्हणायचं होतं, नाही जमलं तरच बरं. पण धंद्याचा नियम आडवा आला. शिकवलेल्या माणसाची टेस्ट ही टेस्ट नसते. उद्या विश्वजीत म्हणाला असता, तूच पढवून आणलंस. म्हणून ती नुसती म्हणाली, "नाय जमलं तर नाय जमलं."

तिच्या आवाजातला ताण आईला मात्र बरोबर ऐकू आला. डोळे कमी झाले की कान वाढतात. आईनं ओळखलं, की लेकीचं काहीतरी पणाला लागलंय. ओळखलं ते खरं होतं, फक्त बाजू उलटी ओळखली.

शनिवारी ऑफिसात लग्नघराची कळा होती. मुनीब नावाच्या प्रोग्रामरनं आपल्या अब्बांना, नूरमोहम्मदचाचांना आणलं होतं. पैठण गेटला घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, त्यांना अ‍ॅप म्हणजे पोरखेळ होता. विश्वजीतचे वडील निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी नंबर लावून वर सूचनाही केल्या. शहरातली, शिकलेली, चष्म्यातून वाचणारी म्हातारी माणसं ती. एकेकाला जमत गेलं, टाळ्या पडत गेल्या. मोनिका मनात म्हणत होती, वाजवा, वाजवा. अजून माझी आई यायचीय.

वच्छलाबाई इरकली नेसून आल्या होत्या. त्या खुर्चीत बसल्या, मोबाईल दोन्ही हातांत नीट धरला, त्याच्या कडा अंगठ्यांनी चाचपल्या. मग त्यांचे ओठ हलू लागले. देवाचं नाव घेतायत, असं मोनिकाला वाटलं. बोट उठलं आणि डावीकडे वरती टेकलं. मग मधोमध. मग खाली उजवीकडे. मोबाईल 'टिंग' वाजला.

नंबर लागला होता.

मग विश्वजीत उठला, त्यानं वाकून आईच्या पायांना हात लावला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "मावशी, तुम्ही आम्हाला जिंकवलंत," तो म्हणाला. आईनं आवाजाच्या दिशेनं हसून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या लेकीनं केलंय ते. वंगाळ कसं आसंल?" तिचा फोटो काढला. एक डोळा गेलेली, दुसऱ्यानं जवळजवळ आंधळी, लिहिता-वाचता न येणारी बाई आणि अ‍ॅपवर एका दमात नंबर. याहून सर्वसमावेशक ते काय असायचं!

करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

परतताना काळीपिवळीत मोनिकानं विचारलं, "आई, कसं जमलं गं तुला?"

"दिसलं की."

"खरंच दिसलं?"

"तर काय. तुला वाटतं तेवढी काय मी आंधळी नाय."

आता खरं सांगायचं तर मोनिकाला तेव्हा आनंद झाला. फोन हातचा गेला याचं दुःख होतंच, पण त्याच्या तळाशी हा आनंद होता. आईला दिसतंय. आपण उगाच घाबरत होतो. दुसऱ्या कुणाच्या आईनं असं केलं असतं, तर मोनिकानं तिला पुन्हा बसवलं असतं, मोबाईल उलटा धरून दिला असता, बटणांची जागा बदलून पाहिली असती. धंद्यातली साधी गोष्ट होती ती. पण स्वतःच्या आईला दिसतंय म्हटल्यावर ते खोटं आहे का, हे तपासायला कुणाचा हात धजेल? तिनं निकालाखाली आपलं नाव लिहून दिलं. पुढच्याच महिन्यात रत्नमालाचा फोन बंद झाला आणि दवाखान्याच्या दालनात आईचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'मला जमलं, तुम्हालाही जमेल.'

त्या यशावर कंपनीला पुण्याचं काम मिळालं. आईला अ‍ॅप टाकलेला नवा मोबाईल घेऊन देऊन मोनिकाला तिकडे जावं लागलं. आई म्हणाली, जा की, मी काय लहान हाय व्हय? पुण्यातून मोनिका रोज फोन करायची.

"नंबर लावला का आई?"

"लावला की. टिंग वाजलं."

"गेली व्हतीस का तपासायला?"

"जाऊन आले. थेंब चालू हायेत. तू जेवलीस का?"

पहिल्या खेपेला सगळं खरं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी विश्वजीतचा मेसेज आला. मोनिकाची जुनी सूचना अखेर अमलात आली होती. अ‍ॅपची अक्षरं दुप्पट मोठी झाली होती. म्हाताऱ्यांसाठी, खास. मोनिकानं पुण्यात सगळ्या टीमला पेढे वाटले.

दिवाळीला ती घरी आली. नरकचतुर्दशीला आईनं तिला पाटावर बसवलं, तेल-उटणं लावलं. पाठीवरून, खांद्यावरून हात फिरवला आणि मग चेहरा दोन्ही तळव्यांत धरून हनुवटी, गालाची हाडं चाचपत राहिली. "वाळलीस गं," म्हणाली. मोनिकाला भरून आलं. लग्नाच्या वयाची झाली तरी आई अजून असे लाड करते, एवढंच तिला वाटलं.

मग आईनं ओवाळायला घेतलं. कुंकवाचं बोट पुढं आलं आणि कपाळावर न टेकता डाव्या भुवईवर टेकलं. तिथं थबकलं. भुवईवरून चाचपत मधे आलं, नाकाचा शेंडा शोधला, तिथून सरळ वर गेलं आणि कपाळाच्या मधोमध कुंकू लागलं.

मोनिकाचं सगळं शिक्षण, सगळा पगार एकाच गोष्टीचा होता. माणसाचं बोट कुठं अडतं ते बघायचं. तिनं ते बघितलं आणि ताटातल्या दिव्याची ज्योत तिच्या डोळ्यांपुढं हलायला लागली. आईनं ओवाळलं ते ताट तिच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूलाच फिरत होतं.

"आई," ती म्हणाली, "तुझा पुढचा नंबर लाव बरं. मला बघू दे."

"आत्ता? सणासुदीचं?"

"आत्ता."

आईनं मोबाईल घेतला. मोनिका शेजारी बसली, धंद्यातल्यासारखी, तोंडाला कुलूप घालून. आईचे अंगठे कडांवरून फिरले. चेहरा समोरच्या भिंतीकडे होता, मोबाईलकडे नव्हताच. ओठ हलू लागले, आणि या वेळी गल्लीत शांतता होती म्हणून मोनिकाला ते ऐकू आलं. आई देवाचं नाव घेत नव्हती. ती जात्यावरची चाल होती.

"पैली माझी ओवी गं, डाव्या अंगाला वरती,
बोट टेकविते बाई, पयल्या चौकटीवरती.
दुसरी माझी ओवी गं, मधल्या वळीला,
दिवस मागिते बाई, दवाखान्याच्या आळीला.
तिसरी माझी ओवी गं, खाली उजव्या हाताला,
नंबर लागला बाई, सांगा माझ्या लेकीला."

टिंग.

"बघ. लागला," आई म्हणाली.

लागला नव्हता. अक्षरं मोठी केल्यावर बटणांना जागा पुरली नाही, म्हणून ती सरकली होती. 'पक्का करा' वर गेलं होतं. खाली उजव्या हाताला, जिथं आईची तिसरी ओवी संपत होती, तिथं आता 'रद्द करा' होतं. आणि रद्द केलं तरी आवाज तोच ठेवला होता, टिंग. पावसाळ्यापासून आई तीच ओवी म्हणत होती आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा नंबर पुसत होती.

हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारच्या आधी, मोनिका घरी ठेवून गेलेल्या टेस्टच्या मोबाईलवर शेजारच्या सरितानं तिचं बोट धरून जागा दाखवल्या होत्या. वाचता येत नाही, दिसत नाही, मग पाठ करायचं कसं? म्हणून आईनं ओवी बांधली. लहानपणापासून तिनं सगळं असंच पाठ केलं होतं. पुढं सरिताचा नवरा वाळूजला कंपनीत लागला आणि ती तिकडे गेली. नव्या अ‍ॅपनंतर आई ठरल्या दिवशी दवाखान्यात गेली, तर खिडकीतला माणूस म्हणाला, नाव नाही, अ‍ॅपवरून नंबर लावून या. ती परत आली. पुन्हा लावला, पुन्हा गेली, पुन्हा नाव नाही. रत्नमाला कुठंय विचारलं, तर ती आता नसते म्हणाले. मग आईनं जाणंच सोडलं. मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवरचेच थेंब आणून घालत राहिली.

"मला का नाय सांगितलंस?"

"काय सांगू? तिथं माझा फोटू लावलाय म्हणं. फोटूतल्या बाईलाच येत नाय, आसं सांगू? तुझं नाक गेलं आसतं की." मग म्हणाली, "आन मला वाटलं माझंच काय तरी चुकतंय."

गल्लीतल्या आणखी दोघी-तिघींनी तिच्याकडून ती ओवी शिकून घेतली होती. फोटोतल्या बाईची ओवी म्हटल्यावर कोण नाही शिकणार?

दिवाळी उलटताच मोनिका तिला घेऊन दवाखान्यात गेली. नंबर नव्हता. ती खिडकीतल्या माणसाशी भांडली, रडली, शेवटी अ‍ॅप आपणच केलंय असं सांगितलं, तेव्हा त्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं मान खाली घातली. सगळ्यांत शेवटी डॉक्टरांनी आत घेतलं. त्यांनी बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, दाब मोजला, पुन्हा मोजला.

"पावसाळ्यात आल्या असत्या तर थेंब बदलले असते, गरज पडली असती तर ऑपरेशन केलं असतं," ते म्हणाले. "बाई, आता वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. उजेड-अंधार एवढं कळेल, तेही किती दिवस सांगता येत नाही."

बाहेर दालनात त्या दोघी बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर आई हसत होती. इरकली नेसलेली, मोबाईल दोन्ही हातांत धरलेला. मोनिकाला तो फोटो ओरबाडून काढावासा वाटला. आईला फोटो दिसत नव्हता. ती शांत बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

तेव्हा मोनिकानं सांगून टाकलं. की त्या शनिवारी तिला आई पास व्हायला नको होती. की आईला जमू नये, म्हणूनच तिला नेलं होतं. आईला जमलं नसतं तर फोन राहिला असता, रत्नमाला राहिली असती, आणि आईचा डोळाही राहिला असता. तिनं आधी सांगितलं नाही, कारण सांगायचं नाही असा नियम होता.

आईनं हात पुढं केला, तो आधी बाकाच्या लाकडाला लागला, मग मोनिकाच्या मनगटाला.

"आगं मोने, मग तसं सांगायचं व्हतं ना मला," ती म्हणाली. "तुझ्यासाठी पास झाले मी. तुझ्यासाठी नापास नसते का झाले?"